तालुक्याच्या गावातला मुख्य रस्ता चालण्याजोगा करायचा तर नेमकं काय मागावं?

तुमचा प्रश्न असा आहे: गावाची वस्ती ६० हजारांच्या आसपास. एसटी स्टँडपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंतचा रस्ता रुंद करून काँक्रीटचा होणार आहे. काही नगरसेवकांचं म्हणणं, फूटपाथ केला की त्यावर टपऱ्याच बसतात, मग ती जागा गाड्यांना का देऊ नये? आणि तुम्हाला हा रस्ता म्हातारी माणसं, शाळेची मुलं, व्हीलचेअर वापरणारे, अंध व्यक्ती अशा सगळ्यांना चालता येईल असा हवा आहे. त्यासाठी नगरपरिषदेकडे काय मागावं, कोणत्या क्रमाने मागावं?

आधी माझा आग्रह सांगतो, कारणं मागाहून. एकच अट लेखी घाला: स्टँडच्या फाटकापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत कुणालाही एकदाही गाड्यांच्या वाटेत उतरावं लागू नये आणि एकही पायरी चढावी लागू नये. रस्ता ओलांडायची जागासुद्धा याच अटीत येते. ही अट मान्य झाली की फूटपाथची रुंदी, गटाराची झाकणं, विजेचे खांब, पार्किंग या सगळ्यांचे निर्णय तिच्यावरून घेता येतात. ती नसेल, तर पेव्हर ब्लॉकवर कितीही पैसे घाला, माणसं रस्त्यातूनच चालतील.

याचं कारण साधं आहे. पाचशे मीटरपैकी चारशे ऐंशी मीटर फूटपाथ उत्तम झाला आणि मधल्या वीस मीटरमध्ये महावितरणचं रोहित्र, उघडं गटार किंवा दुकानाच्या पायऱ्या आल्या, तर व्हीलचेअरवरच्या माणसाचा रस्ता तिथेच संपतो. धडधाकट माणूस खाली उतरतो, पुन्हा वर चढतो. दोन-तीनदा असं झालं की तोही सरळ खालूनच चालू लागतो, आणि मग ‘लोक फूटपाथ वापरतच नाहीत’ असं ठामपणे सांगितलं जातं. लोक वापरत नाहीत हे खरंही असतं, पण दोष त्यांचा नसतो. केंद्राच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे दर पाचांत जवळपास एक. ही माणसं फक्त महामार्गांवर गेलेली नाहीत. तुमच्या-आमच्या गावांतून जाणाऱ्या अशाच रस्त्यांवरही गेली आहेत.

आता पहिलं काम: रस्ता कुणाचा आहे ते शोधा. तालुक्याच्या गावातला मुख्य रस्ता बहुतेक वेळा राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असतो. मधली गाड्यांची पट्टी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, कडेचं गटार नगरपरिषदेकडे, खांब आणि रोहित्रं महावितरणकडे, आणि स्टँडचं फाटक एसटी महामंडळाकडे. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, अंदाजपत्रक वेगळं. चालणाऱ्याची पट्टी यांपैकी कुणाच्याच नकाशात नसते. गाडीरस्ता आखून झाल्यावर जे उरेल ते त्याचं. म्हणून तुमची पहिली मागणी फूटपाथची नसावी, सगळ्या खात्यांच्या सहीच्या एकाच आडव्या छेदाची असावी. इंजिनिअर त्याला क्रॉस सेक्शन म्हणतात. इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत कोणत्या मीटरवर काय येणार, हे त्या एका कागदावर दिसलं पाहिजे. त्याआधी भूमी अभिलेख खात्याकडून रस्त्याची मोजणी करून घ्या. ‘रस्ता पन्नास फुटी आहे’ असं सगळे म्हणतात, पण कागदावरची आणि जागेवरची रुंदी क्वचितच जुळते. ही तफावत निविदेनंतर बाहेर आली, तर कापला जातो तो फूटपाथच.

दुसरी गोष्ट रस्त्याची उंची. यावर कुणी बोलत नाही, आणि छोट्या गावांत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. जुन्या डांबरावर थेट काँक्रीट ओतलं की रस्ता वीस-तीस सेंटिमीटर वर येतो. कडेच्या घरांची जोती खाली जातात, पहिल्या मोठ्या पावसात पाणी दारात येतं. मग प्रत्येक घरमालक आपल्या दारापुढे बंधारा घालतो, पायरी बांधतो, उतार करतो. हे सगळं बांधलं जातं नेमकं चालण्याच्या जागेत. त्याला अतिक्रमण म्हणून नोटीस द्यायची, पण त्याचं मूळ रस्त्याच्या चुकीच्या लेव्हलमध्ये आहे हे बघायचं नाही, हा अन्याय आहे. जुना थर खरवडून काढा, आणि नव्या रस्त्याची उंची सगळ्यात खालच्या जोत्यावरून ठरवा. ही अट अंदाजपत्रकातच हवी.

आता रुंदी. तुमचा रस्ता खरोखर १५ मीटर भरत असेल असं धरू. दोन्ही दिशांच्या गाड्यांना मिळून ७ मीटर पुरतात. एसटी आणि ऊसवाहतुकीची ट्रॉली समोरासमोर आरामात जातात. उरले ८, म्हणजे प्रत्येक बाजूला ४. त्यातले भिंतीकडचे २ मीटर फक्त चालण्यासाठी, आणि गाडीरस्त्याकडचे २ मीटर बाकी सगळ्यासाठी: खांब, झाडं, दुचाकी, रिक्षा, हातगाड्या, फलक. सगळ्या आखणीचा जीव या दुसऱ्या पट्टीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत वस्तीच्या भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, कारण दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर तेवढी लागते. बाजारपेठेत ती अडीच मीटर सांगितली आहे, म्हणून दुकानं दाट असतील तिथे पार्किंग काढून तेवढी जागा चालण्याला द्या. ‘मोकळी’ या शब्दावर अडून बसा. कागदावर अडीच मीटरचा फूटपाथ आणि मधोमध खांब, ही खरी रुंदी एक मीटरच.

रस्ता १२ मीटरचाच निघाला, तर गाडीरस्ता ६ मीटर, दोन्हीकडे १.८ मीटर चालण्याची पट्टी, आणि उरलेले २.४ मीटर एकाच बाजूला पार्किंग व विक्रेत्यांना द्या. ९ मीटरपेक्षा अरुंद गल्ल्यांत उंच फूटपाथ करूच नका. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत एकाच पातळीचा रस्ता ठेवा, आणि गाड्या माणसाच्या चालीने येतील अशी आखणी करा.

आणि दुभाजक मागू नका. निवडणुकीच्या आधी दुभाजक, त्यात शोभेची झाडं आणि हायमास्ट ही कामं झटपट मंजूर होतात. दोन पदरी रस्त्यावर दुभाजक मीटर-दीड मीटर जागा खातो, समोरून गाडी येण्याची भीती गेल्याने वेग वाढतो, आणि लोखंडी जाळी लावली तर बाजाराची पिशवी घेतलेल्या बाईला ती ओलांडून जावं लागतं. ती जागा कडेला द्या.

वेगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फूटपाथ नसला तरी माणूस वाचू शकतो, पण वेग जास्त असेल तर फूटपाथ असूनही ओलांडताना जीव जातो. तुमचा रस्ता रुंद आणि गुळगुळीत होणार आहे, म्हणजे वेग वाढणारच. ताशी ३० किलोमीटरच्या वेगातली गाडी, चालकाने माणूस पाहिल्यापासून साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगात चालक ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १४ मीटर पुढे आलेली असते. पहिली गाडी जिथे थांबली असती, तिथे दुसरीने वेग कमी करायला सुरुवातही केलेली नसते. आता ओलांडणाऱ्याच्या बाजूने बघा. ७ मीटर ओलांडायला तरण्या माणसाला ६ सेकंद लागतात, काठी टेकत चालणाऱ्या आजींना ९. त्या ९ सेकंदांत ५० च्या वेगाची गाडी १२५ मीटर येते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी सव्वाशे मीटरवरच्या मोटरसायकलचा वेग कसा जोखायचा? रस्ता १० मीटरचा केला तर त्यांना साडेबारा सेकंद लागतील, आणि जोखायचं अंतर पावणेदोनशे मीटरच्या जवळ जाईल. रुंदीकरणाने रस्ता सुरक्षित होतो असं म्हणणाऱ्यांपुढे हे गणित ठेवा.

कायद्यातली वेगमर्यादाही बघून ठेवा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ताशी ७० आणि दुचाकीला ६० ही कमाल मर्यादा आहे. बाजारपेठेतून ७०! मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी ती कमी करू शकतो. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे ३० च्या मर्यादेचा प्रस्ताव द्या. ऊसतोडणीच्या हंगामात शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरना गावातून बंदी हवी, तीही तिथेच मागा.

फलकाने मात्र वेग उतरत नाही, रस्त्याच्या आकाराने उतरतो. म्हणून झेब्रा पट्टे नुसते रंगवू नका, ओलांडण्याची जागाच उचलून फूटपाथच्या पातळीला आणा. १० सेंटिमीटर उंच, वर तीन-चार मीटर सपाट, आणि दोन्हीकडे किमान दोन मीटर लांबीचा सौम्य चढ. व्हीलचेअर किंवा बाबागाडी खाली उतरत नाही, गाडी मात्र वेग कमी करून वर चढते. गावोगाव रातोरात घातले जाणारे अरुंद, टोकदार गतिरोधक याच्या अगदी उलटे आहेत. त्यांनी गरोदर बायकांना आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णांना त्रास होतो, आणि दुचाकीवाला कडेच्या फटीतून, म्हणजे चालणाऱ्यांच्या अंगावरून जातो. उचललेल्या पट्ट्याच्या कडेने पावसाचं पाणी जायला जाळीची वाट ठेवायला सांगा, नाहीतर पहिल्याच पावसात तळं साचेल आणि लोक तोच फोडायला लावतील.

हे पट्टे कुठे घ्यायचे ते माणसांच्या वाटेवरून ठरवा. स्टँडच्या फाटकातून बाहेर पडलेली माणसं समोरच्या रिक्षा थांब्याकडे ज्या रेषेत जातात, तिथेच. शाळेच्या दारात, रुग्णालयासमोरच्या औषधांच्या दुकानापाशी. सोयीचं म्हणून शंभर मीटर दूर चौकात दिलेला पट्टा कुणी वापरणार नाही.

फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. १० असली तर उत्तम. चढाचं प्रमाण १:१२ धरलं, तर १५ सेंटिमीटरला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. आपल्याकडे एक-एक फूट उंच फूटपाथ बांधतात, त्याला साडेतीन मीटरहून लांब उतार लागेल, आणि तेवढी जागा कुठेच नसते. मग प्रत्येक घराच्या फाटकापाशी फूटपाथ तोडला जातो आणि चालणाऱ्याला वर-खाली करावं लागतं. हे उलटं करायला सांगा: फूटपाथ सरळ सपाट जाऊ द्या, गाडीने त्या बाहेरच्या दोन मीटरच्या पट्टीतला उतार चढून फूटपाथ ओलांडून आत जावं. स्टँडमध्ये शिरणाऱ्या एसटीलाही हेच लागू करा. एवढ्या एका बदलाने चालणाऱ्याचा मान वाढतो, आणि खर्च जवळपास तेवढाच राहतो.

छोट्या गावात फूटपाथ म्हणजे बहुतेक ठिकाणी गटारावरचे ढापे. त्याला माझी हरकत नाही, जागा वाचते. पण मोठे ढापे साफसफाईला उचलले की परत नीट बसत नाहीत. एखादा फुटतो, महिनोन्‌महिने भगदाड राहतं. त्यापेक्षा गटारावर पक्का सलग स्लॅब आणि ठरावीक अंतरावर दोन माणसांना उचलता येतील अशी लहान, सपाट बसणारी झाकणं करा. जाळीच्या फटी बोटभर रुंदीपेक्षा जास्त नकोत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर काठीचं टोक आणि व्हीलचेअरचं पुढचं चाक त्यात अडकतं. आखणी पक्की होण्याआधी नगरपरिषदेच्या सफाई कामगारांना विचारा की गाळ कुठे साठतो, कुठलं झाकण उचलवत नाही. त्यांच्याइतकं हे कुणालाच माहीत नसतं, आणि त्यांना बैठकीला कुणी बोलावत नाही.

आता नगरसेवकांचा मुद्दा, टपऱ्यांचा. तो खोटा नाही. मोकळी सपाट जागा दिसली की विक्रेता येणार, कारण गिऱ्हाईक चालत येतं. पण त्याचं उत्तर फूटपाथ न करणं हे नाही. विक्रेत्याला आखून दिलेली जागा मिळाली नाही, तर तो चालण्याच्या रेषेत बसतो. बाहेरच्या पट्टीत मिळाली, तर चालण्याची रेषा मोकळी राहते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समिती लागते, तिच्यात किमान ४० टक्के विक्रेते आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात, आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. ही समिती तुमच्याकडे नसेल तर आधी ती मागा. रात्री नऊच्या गाडीने उतरलेल्या मुलीला अंडाभुर्जीच्या गाडीचा दिवा आणि तिथली माणसं यांचा मोठा आधार असतो. विक्रेत्यांना हुसकावून चालणाऱ्यांचं भलं होतं असं मी मानत नाही.

दुकानदारांचा विरोध पार्किंगवरून येईल. त्यांना आकडा दाखवा: दहा मीटर लांबीच्या पट्टीत दोन कार उभ्या राहतात किंवा बारा दुचाकी. तालुक्याचं गिऱ्हाईक बहुतांशी दुचाकीवर किंवा एसटीने येतं. दुकानापुढची जागा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाच्या गाडीने अडवलेली असते तेही एक दिवस बसून टिपून घ्या. बऱ्याचदा ती दुकानाच्याच लोकांची असते. आठवडी बाजाराच्या दिवशी अर्धा रस्ता गाड्यांना बंद असतो आणि त्याच दिवशी सगळ्यात जास्त धंदा होतो, हे त्यांनाच आठवून सांगू द्या.

स्पेनमधलं पाँतेवेद्रा हे सुमारे ८३ हजार वस्तीचं शहर, म्हणजे आपल्याकडच्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदेएवढं. १९९९ पासून महापौर असलेल्या मिगेल आन्शो फर्नांदेझ लोरेस यांच्या काळात तिथे आरपार जाणारी वाहनं आणि पार्किंग शोधत फिरणाऱ्या गाड्या मध्यवस्तीतून काढल्या गेल्या, उरलेल्यांना ३० ची मर्यादा आली, आणि जागा चालणाऱ्यांना मिळाली. गाड्या गावाच्या कडेला लावून लोक आत चालत येतात. तिथला दगडी रस्ता आपल्याला परवडणार नाही, पण गावातून नुसत्या पलीकडे जाणाऱ्या गाडीला आत येऊ न देण्याचा निर्णय परवडतो. तुमच्याकडे बायपास असेल, तर मुख्य रस्ता रुंद करण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

अंध व्यक्तींसाठीच्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरश्या हल्ली सगळीकडे बसवतात. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात अंध मुलांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा लागल्या. लांब रेघांचा अर्थ ‘चला’, ठिपक्यांचा ‘थांबा, पुढे काही आहे’. ठेकेदार हा फरक न जाणता मिळेल ती फरशी लावतात, आणि रेघांची ओळ थेट खांबावर नेऊन ठेवतात. पांढरी काठी घेऊन त्या रेघेवर विश्वास ठेवून चालणाऱ्या माणसाचा विचार करा. सलग पट्टी मोकळी ठेवण्याची खात्री नसेल तर ती घालूच नका. ओलांडण्याच्या जागी आणि उताराच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या फरश्या पुरेत. त्यासोबत फूटपाथची कड ठळक वेगळ्या रंगात हवी, कारण पूर्ण अंध असणाऱ्यांपेक्षा अंधुक दिसणारे कितीतरी जास्त असतात.

दिव्यांबद्दल एवढंच: हायमास्टपेक्षा चार-पाच मीटर उंचीचे खांब, झाडांच्या फांद्यांखाली प्रकाश देणारे, आणि पहिले दिवे ओलांडण्याच्या जागी.

कायद्याचा आधार भक्कम आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या आखणीत वा देखभालीत ठरलेली मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण निवेदनात ही कलमं शेवटी लिहा. सुरुवातीला जागेवरचे फोटो आणि मापं असू द्या. मुख्याधिकारी आणि नगर अभियंता यांच्याशी भांडून नव्हे, त्यांना हातात वापरता येईल असा कागद देऊन काम पुढे जातं.

वेळ महत्त्वाची आहे. तांत्रिक मंजुरीच्या आधी या बाबी अंदाजपत्रकात आल्या पाहिजेत. उचललेला पट्टा, उतार, ठिपक्यांच्या फरश्या, रोहित्र हलवण्याचा खर्च हे बाब म्हणून लिहिलेलं नसेल, तर कार्यादेश निघाल्यावर ठेकेदार ते करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. पैसे कमी पडले तर नगरपरिषदेच्या दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधीतून उतारांचा खर्च निघू शकतो का ते पाहा. पाण्याची लाइन, केबलचे पाइप काँक्रीटच्या आधीच टाकून घ्या.

त्याआधी एक चाचणी करा. क्रीडांगणावर मारतात ती फक्की घेऊन नवी आखणी रस्त्यावर ओढा, कडेला वाळूची पोती किंवा ड्रम ठेवा आणि आठवडाभर तसंच चालू द्या. एसटीचा चालक, रिक्षावाले, शाळेतल्या मुली, डायलिसिसला जाणारा रुग्ण, व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, पांढरी काठी वापरणारी व्यक्ती यांना अभियंत्यासोबत तो रस्ता चालायला लावा. वळणाची त्रिज्या कुठे कमी पडते, ड्रम कुठे हलवावा लागतो, हे फक्कीवर बदलायला काहीच पैसे लागत नाहीत. पोलीस ठाण्याकडून मागच्या तीन वर्षांतल्या अपघातांच्या जागा घ्या. ई-डार प्रणालीत त्या नोंदवलेल्या असतात. त्या याच नकाशावर टिपा.

काम झाल्यावर ठेकेदाराच्या दोष दायित्व कालावधीची शेवटची तारीख कार्यादेशावरून लिहून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि त्या तारखेच्या दोन महिने आधी, अशा दोन वेळा व्हीलचेअर घेऊन स्टँड ते रुग्णालय जा. जिथे चाक अडतं, जिथे पाणी साचतं, जिथे झाकण हलतं, त्याची यादी फोटोंसह मुख्याधिकाऱ्यांकडे आवक नोंद करून द्या. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, म्हणून अनामत रक्कम परत जाण्याआधी ही यादी पोचली पाहिजे.